तीन वाव, एक हात, तीन बोटं

मार्वेच्या धक्क्यावरून पहिली बोट पावणेआठची.
पाणी उतरलेलं असलं की ती चिखलात बसून राहते,
आणि तिच्यात मी, मांडीवर भिंगांची पेटी,
दोनशे बत्तीस काचा मखमलीच्या खाचांत.
मनोरीला डोळ्यांचा डॉक्टर नाही.
मीही डॉक्टर नाही. पण बोटीवर मला
डोलेवाली म्हणतात,
आणि पेटीचं भाडं लावत नाहीत.

तक्ता सहा मीटरवर टांगायचा असतो.
पहिल्या मंगळवारी माझी टेप घरी राहिली.
पास्कू नाखवा म्हणाला, सहा म्हंजे किती वाव?
आणि दोन्ही हात पसरून, छातीवरून दोर सरकवत
वाळत्या बोंबलांखालून त्यानं अंतर मोजलं.
तीन वाव, एक हात, तीन बोटं.
पुढच्या खेपेला मी टेपनं तपासलं.
बोटभर फरक. कुणाच्या बोटाचा, ते विचारलं नाही.

तक्त्यावर अक्षरं नव्हती,
एकच खूण, तीन दातांची, चारी दिशांना वळलेली.
दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवा.
धानूबाय म्हणाली, ही तर फनी.
सर्वांत वरची, थाळीएवढी, तिला दिसली.
तिच्याखालची फणी कुणीतरी नेली होती.

डाव्या डोळ्यात मोती पिकलेला, उजव्यात पिकत आलेला.
मालाडला ऑपरेशन फुकट होतं.
फुकटच. पण बोट, रिक्षा, सोबतीला एक माणूस,
त्या माणसाची बुडालेली रोजी,
आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायला पुन्हा सगळं तेच.
माझ्या फॉर्मात याला रकाना नव्हता.
"डोला फुकट," ती म्हणाली, "दिस नाय फुकट."

मग अकरा जणांना एकदम नेलं,
नाखव्याच्या होडीतून, बर्फाच्या रिकाम्या खोक्यांवर बसवून.
आणि पट्टी सोडायला डॉक्टर इकडं आले,
ओहोटीत, चपला हातात घेऊन.

मला वाटलं ती रडेल.
ती म्हणाली, या बोंबलांना वालू लागलीय.
सुनेला म्हणाली, तुजे केस कवा पिकलं?
मला म्हणाली, आवाजावरून मना वाटलं, जाडी असशील.
मग कनवटीची पिशवी सोडून नोटा लावल्या,
दहाच्या दहात, विसाच्या विसात,
आणि बराच वेळ गप्प बसली.
तीन वर्षं बाजारात तिनं नोटा बोटांनी ओळखल्या.
कुठं चुकल्या, कुणी चुकवल्या,
ते बोटांना तेव्हाच कळलं होतं.
नाव तिनं घेतलं नाही.
उठून मासळीवर पाणी शिंपडलं फक्त.

आता ती घरोघर जाते, सुई आणि दोरा घेऊन.
ओव, म्हणते.
ओवताना जो हात लांब नेतो
त्याचं नाव नातीकडून वहीत लिहवते.
मागच्या मंगळवारी सतरा नावं,
पाच गोराईची, एक लग्नाला आलेल्या व्याह्याचं.
माझ्या नोंदवहीत एवढी कधी भरली नव्हती.

सगळेच येतात असं नाही.
हशा म्हातारा म्हणतो, दर्या बगितलाय मी,
तो काय बदललाय काय?
त्याच्या ओट्यावर मी दोनदा बसून आले.
त्यानं चहा दिला, डोळा दिला नाही.

शेवटची बोट. पेटीत एक खाच रिकामी.
अडीच नंबरची काच धानूबायच्या नातवानं नेलीय,
उन्हात धरून वाळक्या पानाला भोक पाडायला.
उद्या देतो म्हणालाय. उद्या मी नसते.
तिकिटावरचा आकडा वाचायला मी हात लांब केला.
थोडा आणखी.
सुकाणूवरचा पोरगा हसला,
डोलेवाली,
किती वाव?